पाहुणे गेल्यावर

थंडीतले पाहुणे पक्षी एप्रिलअखेर उत्तरेकडे परतले, की आम्हां हौशी मंडळींच्या दुर्बिणी कपाटात जातात. चक्रवाक लडाख-तिबेटाच्या वाटेला लागले. आता पाणथळीवर बघायचे काय? मी हे म्हणताच आमच्या सौ. म्हणाल्या, "पाहुणे गेले म्हणून घरची माणसे कुठे जातात का? चला!"

मे महिन्यात भोरला उतरून आम्ही भाटघर जलाशयाच्या काठाने वर गेलो. 1928 साली खुल्या झालेल्या या धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांना सुटते. उन्हाळ्यात ते इतके खाली जाते, की वेळवंडीच्या पात्रात एरवी बुडालेले कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. ते पाहायला गर्दी होती आणि मोटारी थेट कोरड्या गाळावर उतरल्या होत्या.

मी ढेकळांतून निघालो, तशी एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. 'अपशकुन!' असे मनात येते न येते, तोच गुरांमागच्या आजीबाई ओरडल्या, "अवं दादा, थांबा! पायाखाली बघा की!" दोन पावलांवर, खड्यांच्या रिंगणात, चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. गळ्यात दुर्बीण असून मला दिसली नव्हती!

आम्ही दूर जाऊन बसलो. टिटवी पाण्यावर गेली, पोटाची पिसे भिजवून आली आणि तशीच अंड्यांवर बसली. भर उन्हात अंडी उबवायची नसतात, निववायची असतात, हे मला त्या दिवशी कळले. कौतुकाने मी तिथेच उभा राहिलो असतो, तर पाय न लागताही ती अंडी भाजली असती.

एवढ्यात एक मोटार तिकडे वळली. सौ. पदर खोचून आडव्या उभ्या राहिल्या.

"काय झालं, मावशी?"

"बाळंतीण आहे तिथं. जरा पलीकडून न्या."

तरुण हसला, पण मोटार वळवली.

आता दिवाळीत पाहुणे परत येऊ लागले आहेत. गच्चीवर शेपटी हलविणारा धोबी तुम्हीही पाहिला असेल. त्याचे कौतुक करूच. पण उन्हाळ्यात भोरला भाटघरच्या किंवा वेल्ह्याकडे पानशेतच्या काठी गेलात, तर मोटार रस्त्यावरच ठेवा. आणि टिटवी ओरडली, तर तिला नावे ठेवू नका. आधी पायाखाली बघा.