रणांगणापासून दूरचें युद्ध

बालपणीं आवडलेली गोष्ट मोठेपणीं पुन्हां पाहूं नये, तिची गोडी उतरते, असें पुष्कळांचें म्हणणें असतें. आमचें मत याच्या उलट आहे. बी.बी.सी.नें १९७४ सालीं दूरचित्रवाणीवर दाखविलेली ‘कॅरीज वॉर’ ही मालिका आमच्या म्हणण्यास आधार देते. त्या वेळचे तिचे बालप्रेक्षक आतां साठीच्या घरांत आहेत. त्यांनीं ती पुन्हां अवश्य पाहावी.

नीना बॉडन यांच्या १९७३ सालच्या कादंबरीवर ही मालिका आधारलेली आहे. सप्टेंबर १९३९ मध्यें बाँबच्या भयानें ब्रिटनमधील शहरांतून सुमारें १५ लक्ष लोक, विशेषतः शाळकरी मुलें, खेड्यापाड्यांत पाठविण्यांत आले. लेखिका स्वतः अशीच घर सोडून गेलेली मुलगी होती. कथेंतील कॅरी व तिचा धाकटा भाऊ निक वेल्समधील खाणींच्या एका गांवीं येतात आणि इव्हान्स नांवाच्या करड्या दुकानदाराच्या घरीं राहतात. येथें तोफा नाहींत, सैन्य नाहीं. परक्याच्या घरीं दबून राहणें, हेंच मुलांच्या वाट्याचें युद्ध.

लहान प्रेक्षकास इव्हान्सचें केवळ भय वाटतें. प्रौढास मात्र दिसतें कीं, याचा बाप खाणींत मेला, थोरली बहीण त्याच खाणमालकाच्या घरीं सून गेली, आणि तें शल्य त्याच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. मनुष्य तोच, पाहणाराची दृष्टि वाढली.

परंतु याहून मोठी गोष्ट कॅरीची आहे. रागाच्या भरांत ती एक जुनी कवटी तळ्यांत फेकते. पुढें गांव सोडतांना आगगाडींतून तिला तें ओळखीचें घर जळतांना दिसतें. आपल्याच हातून हें झालें, असें मानून ती तें ओझें ३० वर्षें वाहते. वस्तुतः त्या आगींत कोणीही मेलें नव्हतें. एका प्रश्नानें जें ओझें उतरलें असतें, तो प्रश्न तिला कोणीं विचारलाच नाहीं.

युद्धकथांनीं मुलें भितात, म्हणून त्या दाखवूं नयेत, असें कांहीं पालक म्हणतात. आम्हांस वाटतें, मुलें भितात तीं मुख्यतः एकटेपणामुळें. म्हणून अशा कथा त्यांच्याजवळ बसून पाहाव्या व नंतर बोलावें. मुंबईंतही १९४३ सालीं धान्याचें रेशनिंग सुरू झालें. तो काळ बालपणीं अनुभवलेलीं माणसें अद्यापि कांहीं घरांत आहेत. विद्यार्थ्यांनो, त्यांस आजच विचारा. आणि पालकहो, आपल्या मुलांसही विचारा.