निगेटिव्ह फेकणाऱ्यांनो, तुम्ही फिल्म वापरत नाही!

मागच्या रविवारी कॉलेज रोडवर कॉफी प्यायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर तीन-चार मुलं बसलेली, आमच्या टीममधल्या फ्रेशर्सच्या वयाची. एकाच्या गळ्यात जुना, छान जपलेला फिल्म कॅमेरा. साहजिकच कान तिकडे लागले (वाईट सवय आहे, मान्य).

"फिल्मचा लुकच वेगळा असतो यार."
"डेव्हलप कुठे करतोस?"
"कुरियर करतो. आठवड्याभरात लिंक येते."
"आणि निगेटिव्ह?"
"ते घेऊन काय करायचंय?"

या शेवटच्या वाक्यानंतर माझी कॉफी थंड झाली ती झालीच. त्या मुलाला तिथे काही बोललो नाही. अनोळखी माणसाला लेक्चर देण्याएवढं वय अजून झालेलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

मुद्दा सरळ आहे. जो फिल्मवर फोटो काढतो, लॅबकडून जेपेग घेतो आणि निगेटिव्ह टाकून देतो, तो फिल्म फोटोग्राफी करत नाही. तो एक महागडा, हळू चालणारा फिल्टर वापरतो. आणि ज्या 'लुक'साठी हे सगळं चाललंय तो लुकही बऱ्याच अंशी स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचा आणि ते चालवणाऱ्याचा असतो. एकच निगेटिव्ह दोन ठिकाणी स्कॅन करून बघा. आकाश एकीकडे निळं येईल, दुसरीकडे हिरवट.

आपण सॉफ्टवेअरवाले. आपल्या भाषेत सांगायचं तर निगेटिव्ह म्हणजे सोर्स कोड आणि जेपेग म्हणजे बिल्ड. बिल्ड हातात आला म्हणून सोर्स कोड डिलीट करणारा इंजिनिअर तुमच्या टीममध्ये असता तर तुम्ही त्याचं काय केलं असतं?

हे एवढ्या तावातावाने लिहितोय कारण तो इंजिनिअर मी स्वतः आहे. २०१९ च्या संक्रांतीला आजीचा एक रोल काढला होता. जुन्या नाशिकातल्या आमच्या वाड्यात, माजघराच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती तीळ निवडत बसलेली. "अरे, किती वेळ एका डोळ्याने बघशील? तिळगूळ घे आधी," असं म्हणाली आणि हसली, तो फोटो. रोल एका लॅबला कुरियरने पाठवला. लिंक आली, फोटो बघितले, खूश झालो. त्याच वर्षी पावसाळ्यात आजी गेली. भिंतीवर लावायला मोठा फोटो करायला गेलो तर स्कॅन १८०० बाय १२०० पिक्सेलचा. ६ इंचांच्या पुढे गेलं की चेहरा विरघळायला लागतो. लॅबला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, निगेटिव्ह एक महिना ठेवतो, मग डिस्पोज करतो. फॉर्मवर लिहिलेलं असतं." होतंच लिहिलेलं. आपण लायसन्स ॲग्रीमेंट जसं वाचतो तसाच मी तो फॉर्म वाचला होता.

तेव्हापासून माझे कृष्णधवल रोल मी घरीच धुतो. आणि आता ठाम मत झालंय की ते प्रत्येकाने धुवावेत, निदान नाशिककराने तरी.

नाशिककराने का? कारण आपण फाळक्यांच्या गावचे. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांच्या नावाचं स्मारक आहे. आपण तिथे पोरांना घेऊन जातो, भेळ खातो आणि परत येतो. पण हा माणूस नेमकं काय करायचा ते बघा. ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्म. सिनेमाच्या आधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ, मग छपाईचा धंदा. १९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, तिथून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र आणलं. तेव्हा कच्ची फिल्म बिनछिद्रांची यायची. ती छिद्रं घरी, अंधारात बसून पाडायची. हे काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुवायलाही त्या शिकल्या. आणि भांडवल देणाऱ्याला पटवायचं कसं? तर कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एक फ्रेम घेतली. मिनिटभरात वाटाण्याचा वेल झालेला दिसला. 'अंकुराची वाढ' नावाचा हा प्रकार म्हणजे एक शुद्ध घरगुती प्रोजेक्ट होता! त्यानंतर ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं.

"त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता," असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर. पण इलाज नव्हता म्हणून ते शिकले, आणि शिकले म्हणून फिल्म त्यांच्या ताब्यात राहिली. आपल्याकडे इलाज आहे, म्हणून आपण काहीच शिकत नाही. आणि जपणुकीचं म्हणाल तर त्याच 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरलंय. तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासकांना वाटतं. उरलं ते फिल्म म्हणून उरलं. तुमची लिंक तीस दिवसांत एक्स्पायर होते.

बरं, नुसती बडबड नको. करून बघण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो.

१) काडेपेटीचा कॅमेरा. एक काडेपेटी, एक नवा रोल, एक रिकामं कॅसेट आणि काळी चिकटपट्टी. पेटीच्या आतल्या ट्रेला चौकोनी खिडकी कापा, २४ मिमीची. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घासून पातळ करा आणि सुईच्या नुसत्या टोकाने साधारण ०.२ मिमीचं भोक पाडा. ते आरपार पाडायचं नाही, टोचत टोचत न्यायचं. फिल्म नव्या कॅसेटमधून निघून पेटीतून रिकाम्या कॅसेटमध्ये जाते. दर फोटोला छिद्रं मोजून फिल्म पुढे सरकवा, सहा पुरतात. भोक एफ/६४ च्या आसपास पडतं, म्हणजे १०० आयएसओच्या फिल्मला भर उन्हात पट् उघड, पट् बंद. ढगाळ असेल तर सेकंद-दीड सेकंद. गोदाघाटावर हा डबा घेऊन उभे राहा, लोक आपणहून येऊन विचारतात.

२) कॉफीत फिल्म धुणे. हो, खरंच. १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या इन्स्टिट्यूटमध्ये हा प्रयोग झाला आणि तेव्हापासून जगभर चालू आहे. १ लिटर पाण्याला ५४ ग्रॅम धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी पावडर आणि ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, याच क्रमाने. पाणी २० अंश, वेळ १५ मिनिटं. पहिलं मिनिट सतत हलवा, मग दर मिनिटाला तीनदा उलटंपालटं करा. कॉफी स्वस्तातली चालते, फक्त चिकोरीवाली नको. व्हिटॅमिन सी शुद्ध हवं, संत्र्याच्या चवीच्या गोळ्या नव्हेत.

आता माझी फजिती. पहिल्या वेळी मी खाण्याचा सोडा घातला. रोल काचेसारखा स्वच्छ निघाला, एकही फोटो नाही. दुसऱ्या वेळी सोडा बरोबर होता पण खड्यांचा. खड्यांच्या सोड्यात पाणी असतं, तो २.७ पट घ्यावा लागतो. म्हणून आता आधी युनिट टेस्ट करतो. रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा उजेडातच द्रावणात टाकायचा. काही मिनिटांत काळा झाला तर पुढे जायचं, नाहीतर आहे तिथेच थांबायचं. एवढी टेस्ट आधी केली असती तर दोन रोल वाचले असते.

फिल्म टाकीत भरायला रात्री बाथरूम, दाराखाली टॉवेल. पाच मिनिटं अंधारात बसून स्वतःचा हात दिसला तर तो अंधार नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी २० अंशांवर येणं शक्य नाही, बर्फाच्या पाण्यात बाटली ठेवावी लागते. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात यायला लागला की निसर्गच मदत करतो. फिक्सर मात्र खरा हायपोच घ्या, त्याला स्वयंपाकघरात पर्याय नाही. फिल्मचा दुधाळपणा जायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ ठेवा. आणि वापरलेला हायपो मोरीत ओतू नका! त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते आणि मोरीतलं शेवटी गोदावरीत जातं. डब्यात साठवा, चांदी काढून घेणाऱ्याला द्या.

३) उन्हात छपाई. सायनोटाइप, हर्शेलने १८४२ साली काढलेली युक्ती. २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिली पाण्यात, १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड दुसऱ्या १०० मिलीत. दोन्ही सारखी मिसळून कागदाला फासा, अंधारात वाळवा. वर निगेटिव्ह, त्यावर काच, आणि गच्चीवर ऊन. मग साध्या पाण्यात धुवा. फोटो निळा येतो आणि निगेटिव्हएवढाच येतो, म्हणून इथे आजोबांच्या कपाटातला आग्फा क्लिक थ्री काढा. त्याचं १२० चं निगेटिव्ह ६ सेंटिमीटरचं, पाकिटात मावेल असा फोटो होतो. निगेटिव्ह फेकणाऱ्यांना हा खेळ खेळताच येत नाही, हे लक्षात आलं का?

आता आक्षेप. "वेळ कुठे आहे?" शनिवारची दुपार, अंघोळीच्या वेळा सांभाळून दोन तास. तेवढ्यात आपण एक सिनेमा कुठला बघायचा हे ठरवत बसतो. "खर्च?" १०० फुटांचा डबा घेऊन रोल स्वतः भरले तर ३६ फोटोंचे साधारण १८ रोल निघतात, आणि धुलाईचे पैसे किराण्याच्या बिलात जातात. "मग गहूही घरीच दळ," असं बायको म्हणते. (कॉफी आणि सोड्याचा एकत्र वास घरात फिरला की ती याहून बरंच काही म्हणते.) तिला उत्तर देण्याची हिंमत नाही, पण तुम्हाला देतो: पीठ संपतं, फोटो राहायला हवा.

एक मात्र मान्य. रंगीत फिल्मला ३८ अंशांवर बरोबर सव्वातीन मिनिटं लागतात, चूक झाली की रंग गेले. रंगीत रोल खुशाल लॅबला द्या. चांगल्या लॅबवाल्यांशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते "ते घेऊन काय करायचंय?" या प्रश्नाशी.

गेल्या दिवाळीत क्लिक थ्रीने आईचा फोटो काढला, कॉफीत धुतला. एका कोपऱ्यात माझ्या नखाचा ओरखडा आहे आणि खाली थोडा डाग. पण निगेटिव्ह पाकिटात आहे, पाकिटावर तारीख आहे, पाकीट कपाटात आहे. आजीच्या फोटोचं तसं नाही. तो ६ इंचांचाच राहणार.

असो. कॅफेनॉल नंतर करा, काडेपेटी नंतर कापा. पण तुमचा एखादा रोल आत्ता लॅबमध्ये पडून असेल, तर उद्या सकाळी स्टँडअपच्या आधी त्यांना फोन करा आणि एवढंच सांगा: "निगेटिव्ह टाकू नका, मी न्यायला येतोय."