लोखंड वाया घालवायचा हक्क

दोस्तहो, आपल्या कवितांत घण आणि ठिणगी यांचा सुकाळ आहे. कुठलंही पोस्टर बघा, मूठ वळलेली आणि हातात हातोडा. पण भर सभेत कोणी म्हणालं, ज्यानं ऐरणीवर खरोखरचा घण मारलाय त्यानं उभं राहावं, तर किती जण उठतील? मी हा टोमणा मारत नाहीये. आपण भट्टीजवळ का पोचलो नाही, हा माझा सवाल आहे.

गावगाड्याचा हिशेब मांडू. लोहार बलुतेदार, महारही बलुतेदार. लोहाराचा भाता कातड्याचा. मेलेलं जनावर ओढायचं महारानं, कातडं कमवायचं ढोरानं, शिवायचं चांभारानं. बैलाला पत्री मारायची तर त्याला आधी आडवा पाडायला दोर लागतो, तो वळायचा मांगानं. भट्टीला वारा घालणारं कातडं आमच्या हातचं, बैल बांधणारा दोर आमच्या हातचा. पण लोखंड कधी काढायचं, पाणी कधी द्यायचं, हे ज्ञान बापाकडून पोराकडं जाणार आणि बाहेरच्या कुणाला मिळणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगून टाकलं, की जात नुसती कामं वाटून देत नाही, काम करणारी माणसंच ती एकमेकांपासून तोडते.

शहरात आलो तर सुटलो का? मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. पगार तिथं जास्त. सबब काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो आणि आमच्या थुंकीनं इतरांना विटाळ होतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. नीट बघा, ही भांडणं नोकरीची होतीच, पण त्याहून जास्त कसबाची होती. मशीन हाताखाली आलं तरच माणूस मशीन शिकतो. खात्यातच घेतलं नाही तर शिकणार कुठं? आणि मग तेच लोक म्हणणार, यांना काम येत नाय.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं, की कसब शिकण्याचा हक्क म्हणजे चुकण्याचा हक्क. लोखंड वाया घालवायचा हक्क. तो ज्याला नाही त्याला शिकण्याचा हक्क दिलाय असं म्हणणं ही थाप आहे.

लोहारकाम पुस्तकातून येत नाही. लोखंड तापतं तसा रंग बदलतो: आधी काळपट लाल, मग भडक लाल, मग नारिंगी, मग पिवळा. पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या की लोखंड जळालं, मेलं. साध्या सळईला कितीही पाणी द्या, ती कडक होत नाही. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद मात्र होतं. पण लालभडक पोलाद पाण्यात बुडवून तसंच ठेवलं तर ते काचेसारखं ठिसूळ बनतं, दगडावर पडलं की तुकडे. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हळूहळू ऊब द्यायची. पृष्ठभागावर फिकट पिवळा चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. छिन्नी जांभळ्या-निळ्यावर थांबवायची. हे थांबणं डोळ्याला कळायला किती छिन्न्या फुटाव्या लागतात? दहा, वीस, जास्तही. प्रत्येक फुटलेल्या छिन्नीमागं पोलाद, कोळसा आणि अर्धा दिवस. हा खर्च कोणाच्या खात्यावर?

शहराबाहेरच्या एका भट्टीवर मी दोन वर्षं घण मारला. एकाच आठवड्यात तिथं दोन पोरांच्या छिन्न्या पाण्यात टाकताच तडकल्या. एक मालकाचा मुलगा. त्याला बापानं शिवी घातली आणि दुसरा तुकडा हातात दिला. दुसरा आमच्या वस्तीतला. त्याला मालक म्हणाला, "तुमच्या हाताला हे काम लागत नाय रे, तू आपला झाडू घे." लोखंड तेच, पाणी तेच, तडाही तोच. मालकाच्या पोराची चूक त्याच्या एकट्याची होती, आमच्या पोराची चूक सगळ्या जातीची झाली. अपयश सगळ्यांनाच येतं रे. पण ते गिळून दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टी पेटवायची मुभा कोणाला आहे, तिथं जात कळते.

याच्या उलटही बघितलंय. वरातीच्या घोड्या जिथं बांधतात तिथं एका म्हाताऱ्या नालबंद चाचाकडं मी नालबंदी शिकलो. धंदा त्याच्या खानदानाचा, तो मुसलमान, मी बौद्ध. त्यानं जात विचारली नाही, फक्त विचारलं, "लाथेला घाबरतोस का?" पहिले तीन महिने निव्वळ खूर साफ करणं आणि जुने खिळे काढणं. खूर म्हणजे आपल्या नखासारखा. बाहेरच्या कवचाला दुखत नाही, आत जिवंत मांस. खिळ्याचं टोक एका बाजूनं तिरकं असतं, त्यामुळं तो आत न जाता बाहेर वळतो. तो बाहेर निघाला की टोक तोडायचं आणि मुरगाळायचं. खिळा उलटा धरला किंवा जरा आत घुसला तर जनावर लंगडतं आणि मालकाची रोजी बुडते. मग नवशिक्यानं शिकायचं कसं? चाचानं मेलेल्या घोड्याचा पाय आणून दिला. त्यावर खिळा कुठंही गेला तरी लंगडायला कोणी नव्हतं. आमच्या बापजाद्यांनी मेलेली जनावरं ओढली ती सक्तीनं, गावाबाहेर टाकायला. मेलेला पाय हातात घेऊन जिवंत जनावराची काळजी शिकता येते, हे मला चाचानं दाखवलं. ज्या देशात नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दलितांच्या वराती फोडतात, त्या देशात घोड्याचा पाय माझ्या मांडीवर बिनधास्त ठेवणारा हा माणूस. त्यानं दिलं काय? वेळ दिला आणि चुकायला जागा दिली.

सरकार काय देतं? १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा धंदे, त्यात लोहार आहे, मोची, न्हावी, धोबी, झाडू-टोपली करणाराही आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये. पैसा वाईट नाही, ज्याला मिळतो त्यानं जरूर घ्यावा. योजना जातीचा दाखला मागत नाही, हेही खरं. पण पात्रतेत शब्द आहेत 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय', आणि त्यात आधीपासून काम करणारा माणूस हवा. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं. पाच दिवसांत येणाऱ्याचा हात सुधारेल, न येणाऱ्याला काय येणार? ज्याच्या बापाची भट्टी नव्हती त्या पोरानं जायचं कुठं? १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ बापाचा धंदा अशी योजना आणली होती. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हटलं, लढा दिला आणि १९५४ साली ती मागं घ्यायला लावली. बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधणं हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे, ते अनुदानाच्या कागदात गुंडाळून आलं तरी.

आणखी एक. या योजनेत एका कुटुंबातल्या एकालाच लाभ. आपले घिसाडी भाऊ रस्त्याकडेला पाल टाकून लोखंड ठोकतात. नवरा सांडशीनं तुकडा फिरवतो आणि घण असतो बाईच्या हातात. पोटात पोर असतानाही घाव घालते ती. आता कागदावर कारागीर कोण? एकच नाव लिहायचं तर नाव बाप्याचं लागतं. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित या शब्दात भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया यांनाही घेतलं होतं. ते मनापासून मानायचं असेल तर घण मारणाऱ्या त्या बाईचा हिशेब मागणं हे आपलंच काम आहे.

काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते कॉलेजात, तू पोरांना पुन्हा काळ्या हातांकडं कशाला नेतोस? मी कुणाला कॉलेज सोडायला सांगत नाही. पण १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनीच अस्पृश्यांच्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची मागणी केली होती. लादलेलं काम टाकून देणं आणि नाकारलेलं काम हिसकावून घेणं, या दोन्ही गोष्टी एकाच लढाईतल्या आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. १९६१ चा अ‍ॅप्रेंटिस कायदा आहे, १९७३ साली त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याचं कलम आलं. तुमच्या भागातल्या प्रत्येक कारखान्याच्या दारात जाऊन विचारा, किती जागा भरल्या आणि भरलेल्या पोरांच्या हातात हत्यार दिलं की झाडू. ज्याच्या घरात धंदा नाही अशा शिकाऊला वर्षभर विद्यावेतन द्या, आणि शिकताना वाया जाणाऱ्या लोखंडाचे, कोळशाचे पैसे त्याच्या पगारातून कापू नका.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. भंगारातला ब्रेकड्रम, एक ब्लोअर, जाड लोखंडाचा ठोकळा आणि दोन सांडशा एवढ्यावर भट्टी उभी राहते. जस्त चढवलेला पाइप मात्र त्यात टाकू नका, धूर विषारी असतो. आणि ज्या पोराची छिन्नी फुटेल त्याला दुसरा तुकडा द्या. तिसराही द्या. 'आपल्याला हे जमत नाय' असं तो म्हणाला तर त्याला विचारा, हे वाक्य तुला कोणी शिकवलं?

जय भीम.