एक्स-रे पास, पेशंट नापास?

‘एक्स-रे एकदम छान आहे, काळजीचं काही कारण नाही.’

मंडळी, या वाक्याचा मला अलीकडे मनापासून राग येऊ लागला आहे. वाक्य खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि अर्ध्या उत्तराला पूर्ण मार्क द्यायची सवय मला तेहतीस वर्षांच्या नोकरीत कधी लागली नाही.

नातेवाइकांना सगळे ठाऊक आहे, नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. चौदा महिन्यांपूर्वी सांगलीला माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. लेक तिथे असते, म्हणून सांगली. झिजलेल्या सांध्याचा रात्र रात्र जागवणारा ठणका गेला, त्याबद्दल सर्जनना माझा नमस्कारच आहे. पण जांघेत पुढच्या बाजूला एक वेगळीच कळ मागे राहिली. सपाट रस्त्यावर ती जाणवायची नाही. सांगली सगळी सपाट, त्यामुळे महिनाभर मी तिथे दिमाखात फिरले. साताऱ्याला परत आले, आमच्या चढावर पाय टाकला आणि चमक निघाली! एसटीची पायरी चढताना, रिक्षात पाय आत घेताना, अंथरुणातून उठताना, म्हणजे जिथे जिथे पाय उचलावा लागतो तिथे तिथे तीच चमक.

तीन वेळा तपासणीला गेले. तिन्ही वेळा एक्स-रे निघाला आणि तिन्ही वेळा तो पास झाला. नापास झाले ते मी. ‘बाई, सांधा अगदी जागेवर आहे. आता वयाच्या मानाने एवढं चालायचंच.’ घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, ‘लक्ष देऊ नका, नामस्मरण करा.’ पुण्याच्या भाच्याने फोनवर निदान केले, ‘मावशी, हे सगळं मानसिक असतं गं.’

वयाचे म्हणाल तर माझा डावा खुबाही तेवढ्याच वयाचा आहे. त्याची काही तक्रार नाही!

मुद्दा असा की एक्स-रेमध्ये हाड दिसते, धातू दिसतो. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी त्यात दिसत नाही. जे दिसत नाही ते दुखत नाही असे ठरवणे म्हणजे हजेरीपटात नाव नाही म्हणून पोरगा जन्मलाच नाही असे म्हणणे झाले.

या दोरीला मराठीत चांगला शब्द आहे, कंडरा. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या सोळा कंडरा मोजलेल्या आहेत. (आजच्या मोजणीशी तो आकडा जुळत नाही, ते असो.) पण आपल्या बोलण्यात रक्तवाहिनी ती शीर, मज्जातंतू तीही शीर आणि कंडरा तीही शीरच. ‘शिरेवर शीर चढली’ म्हटले की आपले निदान संपले. त्यामुळे पेशंटला नीट सांगता येत नाही आणि डॉक्टरांना ऐकायला वेळ नसतो. वास्तविक ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, ओढ वेगळी. आपली भाषा दुखण्याच्या बाबतीत इतकी श्रीमंत, आणि आपण डॉक्टरांपुढे म्हणतो काय, तर ‘दुखतंय’!

आता थोडे शास्त्र. कमरेच्या मणक्यांपासून आणि ओटीपोटाच्या आतून निघालेले दोन स्नायू एकत्र होऊन त्यांची कंडरा खुब्याच्या अगदी पुढून खाली जाते आणि मांडीच्या हाडाला चिकटते. पाय उचलण्याचे मुख्य काम तिचे. नवीन सांध्यात जी वाटी बसवतात तिची कड पुढच्या बाजूला थोडी जरी बाहेर राहिली, तरी कंडरा तिच्यावर घासू शकते. कधी कधी तसे ठळक कारण नसतानाही ती सुजते. हा त्रास शंभरात चार-पाच जणांना होतो असे वैद्यकीय लेखनात नोंदलेले आहे.

दुसरी जागा बाजूची. कुल्ह्याच्या स्नायूंच्या कंडरा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याला बांधलेल्या असतात. बाजूने शस्त्रक्रिया करण्याच्या एका पद्धतीत त्यांचा काही भाग सोडवून पुन्हा शिवावा लागतो. तो नीट भरला नाही तर त्या कुशीवर झोपता येत नाही आणि चालताना माणूस लचकतो. त्या पायावर उभे केले की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते. ही खूण ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन सर्जनने १८९५ सालीच सांगून ठेवली आहे. तिला मशीन लागत नाही, वीज लागत नाही, लागते अर्धे मिनिट.

म्हणूनच ‘ओपीडीत गर्दी असते, वेळ कुठला?’ हे उत्तर मला पटत नाही. मलाही साठ-साठ पोरांचा वर्ग होता. शेवटी साताऱ्यातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने मला खुर्चीवर बसवले, गुडघ्यावर हात दाबून धरला आणि म्हणाली, ‘बाई, आता पाय उचला.’ नेमकी तीच कळ! तिच्या सांगण्यावरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली, मग सोनोग्राफी केली. कंडरेभोवती सूज होती. तिथे भुलीचे औषध टोचल्यावर काही तास कळ गायब. मानसिक दुखणे सुईच्या टोकाएवढ्या जागेत राहते का हो, भाचेबुवा?

कोणी म्हणेल, बाईंना शस्त्रक्रियेवरच राग. मुळीच नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास आजच्या पद्धतीचा सांधा घडवला आणि जगभर लाखो लोक पुन्हा चालू लागले. पण २०१२ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सांधा बदललेल्यांपैकी शंभरात सात ते तेवीस जणांचे दुखणे दीर्घकाळ राहिल्याचे दिसले. ही माणसे सगळी मनाने दुबळी म्हणायची का?

पेशंटच्या शब्दाला किंमत न देणे किती महागात पडते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. डिप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. घासून निघालेले कण भोवतालचे स्नायू आणि ऊती खराब करत होते, आणि हे नुकसान एक्स-रेत दिसेलच असे नव्हते. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती नेमली गेली २०१७ साली आणि भरपाईचे सूत्र ठरले २०१८ च्या अखेरीस. माझा सांधा त्या जातीचा नाही आणि माझी तक्रार त्यापुढे किरकोळ आहे. पण ‘दुखतंय’ हा शब्द हीच पहिली तपासणी असते, एवढे त्यातून कळावे.

आता थोडे आपल्या बाजूलाही. फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मशीन, ही समजूत आता सोडा. शेकाने तेवढ्यापुरते बरे वाटते. कंडरेला रक्तपुरवठा कमी, ती सावकाश भरते आणि तिला हळूहळू वाढवत नेलेला भार लागतो. मी स्वयंपाकाचा ओटा धरून नेमून दिलेले व्यायाम चार महिने केले, तेव्हा कुठे एसटीची पायरी हसत चढते आहे. नव्या सांध्यावर मालिशवाल्याकडून पाय ओढून घेणे हा तर शुद्ध वेडेपणा. दुखऱ्या गोळ्या महिनोन् महिने गिळल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडते. आणि लघवीच्या संसर्गावर सर्रास मिळणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या कंडरांना इजा करू शकतात. धोका साठीपुढे जास्त, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्यांच्यावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. त्या घेण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. आणि ताप, जखमेतून स्राव, अचानक असह्य कळ, पायाची लांबी बदलणे यांपैकी काहीही झाले तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे माझे मागणे फार नाही. शस्त्रक्रियेआधी सांगा की सांधा बरा झाला तरी कंडरा कुरकुरू शकते. ‘सांगितलं तर पेशंट घाबरतो’ म्हणता, पण पेपर अवघड आहे म्हटल्यावर माझा एकही विद्यार्थी परीक्षा सोडून पळाला नाही. दुसरे, घरी पाठवताना सहा महिन्यांचा व्यायामाचा कागद मराठीत द्या. तिसरे, एक्स-रे बघून झाल्यावर तो बाजूला ठेवा आणि पेशंटला उठवून, बसवून, जमल्यास एक जिना चढवून बघा.

यशाची व्याख्या फिल्मवर नको, पायरीवर ठरू दे. आणि नातेवाईक मंडळींनो, घरातले म्हातारे माणूस ‘दुखतंय’ म्हणाले तर सल्ला नंतर द्या. आधी एवढेच विचारा, ‘नेमकं कुठं, आणि काय करताना?’