‘नो फोटो’च्या पाटीमागे

रोमला गेलेला प्रवासी व्हॅटिकन संग्रहालयाच्या लांबच लांब दालनांतून मनसोक्त फोटो काढत पुढे सरकतो आणि सिस्टीन चॅपेलच्या दारात मात्र त्याला थांबवलं जातं. आत माणसांची दाटी. सगळ्यांच्या माना वर आणि दर काही मिनिटांनी पहारेकऱ्यांची हाळी, ‘सिलेन्झिओ! नो फोटो!’ तरीही कुणीतरी मोबाइल कमरेशी उताणा धरून छताचा एक तरी फोटो घेतंच. पुढे जेवणाच्या टेबलावर तो फोटो मोठ्या कौतुकाने फिरतो.

या बंदीची सुरुवात पैशातून झाली, हे खरं आहे. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलेलं हे छत मेणबत्त्यांच्या काजळीने काळवंडलं होतं. ते छत आणि वेदीमागचं ‘अंतिम न्याय’ हे भित्तिचित्र यांची सफाई 1980 ते 1994 अशी चालली. खर्च जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजनने उचलला आणि त्या बदल्यात छायाचित्रणाचे हक्क घेतले. कामाचा प्रत्येक टप्पा संपल्यावर तीन वर्षांपर्यंत ते हक्क कंपनीकडे होते. ती मुदत कधीच सरली. बंदी राहिली. ‘मग आता कशाला?’ असं अनेक जण विचारतात. माझं उत्तर असं की ती आता जास्त गरजेची आहे. हे देऊळच आहे, नव्या पोपची निवड आजही इथेच होते. शिवाय त्या गर्दीत प्रत्येकाने हात उंचावला, तर मागच्याला फक्त मोबाइलचे पडदेच दिसतील.

फ्लॅशबद्दल मात्र थोडं सावकाश बोलायला हवं. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते. उजेड किती आणि किती वेळ, यांचा तो गुणाकार असतो. म्हणून कागदावरची आणि कापडावरची नाजूक चित्रं जेमतेम 50 लक्स उजेडात ठेवतात. एका फ्लॅशचा क्षण त्या हिशेबात फार छोटा असतो, आणि फ्लॅशची भीती वाजवीपेक्षा जास्त घातली जाते असं म्हणणारे जाणकारही आहेत. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण अजिंठ्याच्या बाबतीत मी तेवढीही जोखीम घ्यायला तयार नाही. रॉबर्ट गिलने 1844पासून वर्षानुवर्षं तिथे बसून त्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बहुतेक 1866मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तेच काम केलं. त्यातल्याही अनेक 1885मध्ये लंडनलाच जळाल्या. पहिल्या लेण्यातला मूळ पद्मपाणी मात्र अंधाऱ्या भिंतीवर अजून उभा आहे. उडालेला रंग कुठल्याही खर्चाने परत येत नाही. मोबाइलचा फ्लॅश बहुतेकदा आपोआप उडतो, त्यामुळे तो लेण्याच्या बाहेर, उजेडात असतानाच बंद करावा.

खरी मोडतोड वेगळ्याच कारणाने होते. 2016मध्ये लिस्बनच्या प्राचीन कला संग्रहालयात एक पर्यटक फोटोसाठी मागे मागे सरकत गेला आणि अठराव्या शतकातला संत मायकेलचा पुतळा कोसळला. 2020मध्ये इटलीतल्या पोसान्यो गावी शिल्पकार कानोव्हाच्या प्लास्टरच्या शिल्पावर रेलून बसणाऱ्या एकाने पाओलिना बोनापार्टच्या पायाची बोटं मोडली. 2025मध्ये फ्लॉरेन्सच्या उफित्झीत चित्रातल्या मेदिची राजपुत्रासारखी ऐट करून उभा राहताना एकाचा तोल गेला आणि चित्राच्या कॅनव्हासला छिद्र पडलं. या तिघांतल्या कुणालाही नासधूस करायची नव्हती. त्यांची पाठ कलाकृतीकडे होती, एवढंच.

नियम सगळीकडे सारखे नसतात, हेही तितकंच खरं. माद्रिदमध्ये प्रादो आणि रेना सोफिया ही दोन संग्रहालयं एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. रेना सोफियाने 2023मध्ये पिकासोच्या ‘गेर्निका’वरची फोटोबंदी उठवली. प्रादोत फोटो काढता येतच नाही. मला प्रादोचं पटतं. वेलाझ्केझच्या ‘लास मेनिनास’समोर लोक हात खाली ठेवून उभे असतात, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सरकून पाहतात, आणि त्या सावकाशीची सवय शेजारच्यालाही लागते. अमेरिकेतल्या लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांनी एका छोट्या संग्रहालयात प्रयोग केला होता. ज्यांनी वस्तूंचे नुसते फोटो काढले, त्यांना त्या वस्तू इतरांपेक्षा कमी आठवल्या. पण ज्यांनी एखादा तपशील जवळ आणून टिपला, त्यांच्या आठवणीत अशी घट दिसली नाही. परवानगी असेल तिथे मी हेच सुचवेन. अख्ख्या चित्राचे फोटो संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर आपल्यापेक्षा कितीतरी चांगले मिळतात. आपण एक हात टिपावा, एखादी चुणी, कोपऱ्यातलं कुत्रं.

चर्चचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तिथे आपल्याकडून जास्त चुकतं. जुन्या गोव्याच्या बॉम जिझस बॅसिलिकेत पर्यटकांचे घोळके शिरतात, तेव्हा पुढच्या बाकावर एखादी आजी गुडघे टेकून, जपमाळेचा एकेक मणी सरकवत बसलेली असते. तिच्या दृष्टीने ही ‘हेरिटेज साइट’ नाही. तिच्या घरच्या आजारपणाचं, परदेशी गेलेल्या मुलाचं गाऱ्हाणं ती सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, कानावर घालते आहे. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरणं, किंवा वेदीकडे पाठ करून बोटांचा ‘व्ही’ दाखवत सेल्फी घेणं, मला असह्य होतं. पाटी असो वा नसो. मिस्सा चालू असताना तर मधल्या वाटेवरून फिरूच नये. पंढरपूर-शिर्डीला आपण मोबाइल जमा करून, पावती खिशात ठेवून निमूट रांगेत उभे राहतो. विठोबासमोर ज्याला अवघडल्यासारखं वाटतं, त्याला सायबासमोर का वाटू नये?

लहान गावातल्या चर्चमध्ये पाटीच नसते. तिथे एकच उपाय आहे, विचारणं. दारात फुलं मांडणाऱ्या बाईंना, फादरना, जे कुणी असेल त्याला विचारावं. बहुतेक वेळा ‘काढा की’ असंच उत्तर येतं.

आता एक मागणी, टूर कंपन्यांकडे. सिस्टीन चॅपेलमध्ये गाइडना बोलायला मनाई असते, म्हणून ते बाहेरच्या अंगणातल्या फलकांसमोर उभे राहून छतावरची चित्रं समजावून सांगतात. तीच वेळ फोटो का काढायचे नाहीत, हे सांगायचीही आहे, आणि ते आपल्या टूर मॅनेजरने मराठीत सांगावं. सहलीआधी घरी येणाऱ्या सूचनापत्रात पासपोर्टच्या प्रती, गरम कपडे, औषधं आणि खाऊ यांची यादी असते. त्यात संग्रहालयं आणि प्रार्थनास्थळं यांच्यासाठी दोन ओळींची जागा नक्की निघेल.