ट्युनिशियात युरोपने आपला शब्द पाळावा

१. २०११ च्या उठावांनंतर अरब देशांत लोकशाही खऱ्या अर्थाने रुजू लागली ती ट्युनिशियात. धार्मिक आणि निधर्मी पक्षांनी कडाक्याचे वाद घालत २०१४ ची राज्यघटना लिहिली. देश यादवीकडे जाऊ नये म्हणून कामगार, उद्योजक, वकील आणि मानवी हक्कांच्या चार संघटनांनी मध्यस्थी केली. त्याबद्दल त्यांना २०१५ चे शांततेचे नोबेल मिळाले.

२. पण २५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष काइस सईद यांनी संसद गोठवली आणि पुढच्या मार्चमध्ये ती बरखास्त केली. जून २०२२ मध्ये ५७ न्यायाधीशांना घरी पाठवले. सप्टेंबरात ५४ क्रमांकाचा अध्यादेश आला. ‘खोटी बातमी’ पसरवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. पत्रकार आणि वकील याच अध्यादेशाखाली तुरुंगात गेले.

३. हे सारे डोळ्यांसमोर असताना युरोपीय महासंघाने १६ जुलै २०२३ रोजी ट्युनिसमध्ये सईद यांच्या सरकारशी सामंजस्य करार केला. महासंघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्यासोबत इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी आणि नेदरलँड्सचे तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुट्टे हजर होते. स्थलांतर रोखण्यासाठी १० कोटी ५० लाख युरो देऊ केले गेले. त्याच महिन्यात ट्युनिशियाची सुरक्षा दले कृष्णवर्णीय स्थलांतरितांना लिबियाच्या सीमेवर, भर उन्हाळ्यात, वाळवंटात नेऊन सोडत होती.

४. समुद्रात माणसे बुडतात, युरोपातल्या सरकारांनाही मतदारांना तोंड द्यावे लागते, हे मान्य. पण महासंघाकडे साधन नव्हते असे नाही. ट्युनिशियाशी १९९५ मध्ये झालेल्या सहयोग कराराच्या कलम २ मध्ये मानवी हक्क आणि लोकशाही तत्त्वे हा कराराचा आवश्यक भाग आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. ते कलम वापरलेच नाही. आणि एवढे सोसून पदरात काय पडले? २०२३ च्याच सप्टेंबरात सईद यांनी युरोपीय संसदेच्या शिष्टमंडळाला देशात येऊ दिले नाही आणि ऑक्टोबरात सहा कोटी युरो परत केले.

५. म्हणून मागणी अशी: पैशाचा प्रत्येक हप्ता अध्यादेश ५४ रद्द करण्याशी, कैदेतल्या पत्रकार-वकिलांच्या सुटकेशी आणि सीमेवर स्वतंत्र निरीक्षकांना प्रवेश देण्याशी जोडावा. ट्युनिशियातल्या मानवी हक्कांविषयीचे आपले मूल्यमापनही आयोगाने जाहीर करावे.

६. प्रश्न केवळ पैशाचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने ‘सुरक्षित मूळ देशां’ची यादी सुचवली. तिच्यात ट्युनिशिया आहे, भारतही आहे. अशा देशांतून आलेल्यांचे आश्रय-अर्ज झटपट निकाली काढले जातात. म्हणजे जिवाच्या भीतीने पळालेल्या एखाद्या ट्युनिशियन वकिलाला आपले म्हणणे मांडायला वेळही कमी मिळणार. त्याच आठवड्यात ट्युनिसच्या न्यायालयाने विरोधी नेते आणि वकिलांना ६६ वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या. ट्युनिशियाचे नाव त्या यादीतून काढलेच पाहिजे.