दाविदाच्या घराची कडी

दावीद राजाचा पुत्रशोक हा पितृवात्सल्याचा परमोत्कर्ष होय, असे मानण्याची एक जुनी रूढी आहे. बंडखोर मुलगा युद्धात मारला गेल्याची वार्ता येते, वेशीवरच्या खोलीत राजा एकटा चढून जातो आणि मुलाचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारीत रडतो. ह्या प्रसंगाने शतकानुशतके चित्रकारांना, संगीतकारांना व कवींना भारून टाकले. विल्यम फॉक्नरने १९३६ साली आपल्या एका श्रेष्ठ कादंबरीला त्या शोकातील नावाचा दुहेरी उच्चारच शीर्षक म्हणून दिला. जॉन ड्रायडनने १६८१ साली आपल्या राजकीय उपरोधकाव्यासाठी ह्याच बापलेकांची जोडी निवडली आणि राजाच्या मवाळपणाला त्याच्या स्वभावाचे भूषण ठरविले. शोकाचे सौंदर्य निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, ज्या घरात हा शोक घडला त्या घरात तो प्रथम कोणासाठी व्हावयास हवा होता? ड्रायडनच्या काव्यात अम्नोनाच्या खुनाचा ओझरता उल्लेख येतो. तामारचे नाव मात्र येत नाही. ही अनुपस्थिती एकट्या ड्रायडनची नव्हे. वात्सल्याच्या कौतुकात रमलेल्या एका संपूर्ण वाचनपरंपरेची ती खूण आहे.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील तेराव्या अध्यायापासून ही कथा सुरू होते. अम्नोन हा दाविदाचा ज्येष्ठ पुत्र. तामार त्याची सावत्र बहीण, अबशालोमाची सख्खी. योनादाब नावाच्या धूर्त चुलतभावाच्या सल्ल्याने अम्नोन आजाराचे सोंग घेतो आणि बहिणीने आपल्या डोळ्यांदेखत रांधून खाऊ घालावे, अशी मागणी बापाकडे करतो. तामारला त्या घरी पाठविणारा दावीदच आहे. तेथे ती नकार देते, आणि तोही मूकपणे नव्हे. ही गोष्ट इस्राएलात अधर्म्य आहे, आपली अप्रतिष्ठा होईल, तुझीही होईल, असा एकेक मुद्दा ती मांडते. साऱ्या कथेत मर्यादा म्हणजे काय हे स्पष्ट शब्दांत सांगणारी ती पहिली व्यक्ती. तिचे ऐकले जात नाही. बलात्कारानंतर अम्नोनाच्या मनात तिच्याविषयी घृणा उत्पन्न होते. तो चाकराला सांगून तिला बाहेर काढवितो आणि मागून दाराला कडी घालून घेतो. अंगावरचा पायघोळ झगा फाडून, डोक्यात राख घालून, आक्रोश करीत ती निघून जाते. सख्खा भाऊ तिला गप्प राहावयास सांगतो. तो तुझा भाऊच आहे, असे समजावतो.

आणि बाप? त्याला फार राग आला, एवढेच हिब्रू पाठ सांगतो. राग आला आणि वाक्य संपले. प्राचीन ग्रीक भाषांतराने त्या ठिकाणी कारणही नोंदविले आहे: अम्नोन थोरला मुलगा, म्हणून राजाचे त्याच्यावर प्रेम होते आणि त्याचे मन दुखवावयास राजा धजला नाही. मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या हस्तलिखिताचे अवशेष ह्या अधिक पाठाला दुजोरा देतात. हे वाक्य मूळचे की मागाहून घातलेले, हा वाद पाठचिकित्सकांचा आहे. परंतु दोन सहस्रकांपूर्वीच्या वाचकांनाही दाविदाच्या निष्क्रियतेचे नाव ठाऊक होते, हे त्यावरून सिद्ध होते. ते नाव प्रेम असे आहे.

भारतीय वाचकाला ह्या ठिकाणी महाभारताची आठवण होणे अपरिहार्य आहे. भरसभेत सुनेची विटंबना होत असता स्वस्थ बसणाऱ्या धृतराष्ट्राच्या मायेला आपल्या परंपरेने कधी वात्सल्य म्हटले नाही. तिला पुत्रमोह म्हटले, आणि राजाच्या आंधळेपणाशी त्या मोहाचे नाते जोडून दाखविले. तीच वृत्ती यरुशलेमच्या राजवाड्यात दिसली की तिला हृदयाची कोमलता म्हणावयाचे, हा न्याय कोणता?

कोमलतेची ही भाषा का नाकारावी लागते, ते पुढील अध्याय वाचले म्हणजे कळते. दोन वर्षे काहीच घडत नाही. मग मेंढरांच्या लोकरकातरणीच्या मेजवानीत अबशालोम अम्नोनाची हत्या करवितो आणि आजोळी, गशूरच्या राजाकडे, पळून जातो. तीन वर्षांनी सेनापती यवाबाच्या खटपटीने तो परत येतो. पण आणखी दोन वर्षे बाप त्याला तोंड दाखवू देत नाही. पुढे एके दिवशी राजा त्याचे चुंबन घेतो आणि सारे मिटले असे मानले जाते. ह्या साऱ्या काळात एकदाही कोणी विचारीत नाही की काय घडले, का घडले, कोणी कोणाला काय देणे लागतो. दाविदाने घातलेली बंदी ही मर्यादा नव्हे, तो अबोला आहे. आणि त्याने घेतलेले चुंबन ही क्षमा नव्हे, ती टाळाटाळ आहे. मर्यादेला कारण असते आणि ते उच्चारलेले असते. अबोल्याला फक्त मुदत असते.

परिणाम घरापुरता राहत नाही. अबशालोम पहाटे उठून वेशीपाशी उभा राहतो आणि गाऱ्हाणी घेऊन आलेल्या लोकांना सांगतो की, राजाच्या वतीने तुमचे ऐकून घेणारा येथे कोणी नाही. ह्या एका तक्रारीवर त्याने बंड उभारले. ती लोकांना पटली, ह्याचे नवल वाटावयाचे कारण नाही. ज्या राजाने पोटच्या मुलीचे गाऱ्हाणे ऐकले नाही त्याच्याविषयी ती केली जात होती. एफ्राइमच्या रानातील लढाईत वीस हजार माणसे पडली असे ग्रंथ सांगतो. त्या लढाईपूर्वी राजाने सेनापतींना दिलेली आज्ञा एकच होती: अबशालोमाशी सौम्यपणे वागा. ज्यांना लढावयास पाठविले त्यांच्यासाठी सौम्यतेचा एक शब्दही ह्या आज्ञेत नाही. यवाब पुढे राजाला खडसावतो, तो ह्याच कारणासाठी. यवाब क्रूर माणूस आहे, त्याचे हात रक्ताने माखलेले आहेत. पण त्या दिवशी राजवाड्यात खरे बोलणारा तोच एकटा होता.

ह्या कथेचा शेवट मात्र शोकापाशी होत नाही, आणि नेमके हेच वात्सल्याच्या उपासकांच्या नजरेतून निसटते. राजधानी सोडताना दाविदाने घर राखण्यासाठी दहा उपपत्नी मागे ठेवल्या होत्या. अबशालोमाने राजवाड्याच्या गच्चीवर, सर्वांच्या देखत, त्यांची विटंबना केली. विजयी राजा परत येतो आणि त्या दहाजणींना एका घरात कोंडून ठेवतो. त्यांच्या अन्नाची सोय होते. पण त्या मरेपर्यंत वैधव्यात कोंडलेल्याच राहतात. अर्थात दाविदाच्या घरात कडी नव्हती असे मुळीच नाही. होती, आणि ती दोनदा घातली गेली. पहिल्यांदा मुलाच्या दाराला, दुसऱ्यांदा बापाच्या हुकमाने. दोन्ही वेळा ती स्त्रियांवर पडली, आणि दोन्ही वेळा त्या निरपराध होत्या. अपराध्याच्या वाट्याला करुणा व पीडितांच्या वाट्याला बंधन, ही त्या घराची वाटणी होती. म्हणून ह्या कथेतील दोष करुणेच्या अतिरेकाचा आहे, हे नेहमीचे निदान अपुरे ठरते. करुणा तेथे मुबलक होती आणि कठोरताही होती. दोन्ही चुकीच्या पत्त्यावर पोहोचल्या.

ह्याच दाविदाला एके काळी हे गणित येत होते, हे अधिक खेदजनक आहे. सासरा शौल त्याच्यावर भाला फेकतो, रानोमाळ त्याचा पाठलाग करतो. एन-गेदीच्या गुहेत शौल त्याच्या हाती सापडतो. दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतो आणि त्याला जिवंत सोडतो. शौल रडतो, त्याला मुला म्हणून हाक मारतो. त्यानंतर शौल घरी जातो आणि दावीद आपल्या गडावर. दुसऱ्या वेळी तो झोपलेल्या शौलाच्या उशाचा भाला उचलून आणतो, दूर डोंगरमाथ्यावर जाऊन उभा राहतो आणि तेथून हाक देतो. दोघांमध्ये पुष्कळ अंतर होते, हे सांगावयास कथाकार विसरत नाही. परत ये, असे शौल विनवितो. भाला नेण्यासाठी एखादा चाकर पाठवा, असे दावीद उत्तरतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. सूड नाही आणि पुनरागमनही नाही. मारेकऱ्याचे शस्त्र त्याला परत मिळते. फेकीच्या टप्प्यात उभी असलेली छाती मिळत नाही. दया आणि मर्यादा ह्यांचा समतोल ह्याहून नेमकेपणाने क्वचितच चित्रित झाला असेल. स्वतःच्या जिवासाठी जे अंतर दाविदाने राखले, ते मुलीसाठी त्याला राखता आले नाही.

योसेफाची कथा ह्याच्या शेजारी ठेवून वाचावी. तामारच्या झग्यासाठी हिब्रूत जी शब्दयोजना आहे, ती हिब्रू बायबलात अन्यत्र फक्त योसेफाच्या झग्यासाठी आली आहे. दोन्ही वस्त्रे भावांच्या अत्याचारात नासली. योसेफाला भावांनी वीस रुपये मोलाने विकले. पुढे दुष्काळात तेच भाऊ अधिकारपदावरील योसेफापुढे धान्यासाठी उभे राहतात, तेव्हा तो त्यांना ओळखतो. पण ओळख देत नाही. शिमोनाला अडकवून ठेवतो, त्यांचे पैसे गुपचूप गोणीत परत घालतो, बन्यामिनाच्या गोणीत आपला प्याला लपवून पेच निर्माण करतो, आणि अधूनमधून आड जाऊन रडतो. पुष्कळांना हा छळ वाटतो. वस्तुतः तो शोध आहे. एका भावाला विकणारे हे लोक दुसऱ्याला सोडून जातात काय, हे त्याला जाणावयाचे आहे. ज्या यहूदाने त्याला विकण्याची सूचना केली होती, तोच बन्यामिनाऐवजी मला गुलाम करा म्हणून पुढे येतो, तेव्हाच योसेफाचा बांध फुटतो. धान्य पहिल्या दिवसापासून मिळत होते. मिठी मात्र पालट दिसल्यावर मिळाली. भुकेल्याला अन्न देणे हे दयेचे काम. विश्वास परत देणे हे वेगळे काम आहे आणि त्याची अट वेगळी आहे.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करावी, ही येशूची शिकवण नव्हे काय? आहे. परंतु ती मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे आणि त्याच अध्यायात, तिच्या थोडे आधी, अपराधी बंधूशी कसे वागावे ह्याचा क्रम सांगितला आहे: प्रथम एकांतात दोष दाखवावा, मग दोनतीन साक्षी घ्यावे, मग मंडळीपुढे न्यावे, तरीही न ऐकल्यास त्याला परका गणावे. एक वचन उचलून दुसरे झाकणारा उपदेशक क्षमेचा पुरस्कार करीत नाही. मार खाणाऱ्याला पुन्हा त्याच घरी धाडण्याची सोय करतो. उधळ्या पुत्राचा बापदेखील धावतो तो परतलेल्या, चूक कबूल करणाऱ्या मुलाकडे; दूरदेशीच्या उधळपट्टीला त्याने पैसे पाठविले असे लूक सांगत नाही.

उलट बाजूचा धोकाही ग्रंथाने लपविलेला नाही. इफ्ताह आपल्या नवसाला दगडासारखा चिकटून राहतो आणि पोटच्या मुलीचा बळी देतो. शब्द पाळण्याची ती निष्ठा दयाशून्य आहे. तिला मर्यादा म्हणणे हा शब्दाचा अपमान होय. कारण मर्यादा दुर्बळाचे रक्षण करते, त्याच्या रक्ताने स्वतःची प्रतिष्ठा राखीत नाही. फिलिस ट्रिबल ह्या विदुषीने १९८४ साली हागार, तामार, शास्ते ह्या ग्रंथातील अनाम उपपत्नी आणि इफ्ताहाची कन्या ह्या चौघींच्या कथा एकत्र वाचून दाखविल्या, तेव्हा त्या पुस्तकाने पुष्कळ श्रद्धाळू अस्वस्थ झाले. ती अस्वस्थता ग्रंथाच्या अवमानातून आली नव्हती. ग्रंथ प्रथमच पूर्ण वाचला गेल्यामुळे ती आली होती.

मराठीला हे वाचन परके असण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. १८८९ साली शारदासदन व पुढे केडगावचे मुक्तिसदन उभारणाऱ्या ह्या स्त्रीने विधवांना व निराधारांना छप्पर दिले. अशा आश्रयस्थानाच्या दारालाही कडी असते. ती आतून लागते आणि आत असलेल्यांच्या हाती असते, एवढा तिचा दाविदाच्या कडीहून फरक. आणि साऱ्या फरकाचे सार तेवढेच. २००५ साली भारतीय संसदेने संमत केलेल्या आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पीडित स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आणि अत्याचारी पुरुषाला त्या घराबाहेर पडण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. दार कोणावर बंद व्हावे, ह्या जुन्या प्रश्नाचे हे कायद्याच्या भाषेतील उत्तर आहे.

साहित्याच्या अध्यापनातून मात्र ते उत्तर अद्याप यावयाचे आहे. दाविदाचा विलाप शिकविला जावा. तो वाङ्मयाचा ठेवा आहे. परंतु तो शिकविताना अबशालोमाने आपल्या मुलीचे नाव तामार ठेवले होते, हेही सांगितले जावे. त्या घरात तिची आठवण कोणी तरी, कशी का होईना, जतन केली होती. बापाने तिच्यासाठी एक शब्दही उच्चारल्याची नोंद ग्रंथात नाही. वेशीवरच्या खोलीतील त्या रडण्याचे मोल ह्या मौनासह ठरविले पाहिजे.